मोनेची पायरी : व्हेनिसमधले चार दिवस

निघण्याच्या आदल्या दिवशी, बॉस्टन

भारतात परतताना वाटेत चार दिवस व्हेनिसला उतरायचे, हे ताईच्या घरी ऐनवेळी ठरले आणि त्याला एक चित्र कारणीभूत झाले. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ‘ग्रँड कॅनाल, व्हेनिस’ हे 1908 सालचे तैलचित्र आहे. ते साधारण 74 सेंटीमीटर उंच आणि 92 सेंटीमीटर रुंद, म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवर सहज मावेल एवढे आहे. डावीकडे नावा बांधण्याचे उंच खांब, उजव्या हाताला दूरवर सान्ता मारिया देल्ला सालूते या चर्चचे घुमट आणि उरलेल्या जागेत पाणी, एवढाच त्याचा ऐवज आहे.

मी हौसेने जलरंगात काम करते, त्यामुळे चित्रासमोर गेले की आधी नाक कॅनव्हासला लागेल इतके जवळ जाऊन पाहायची खोड आहे. रखवालदाराने एकदा नम्रपणे खाकरून मला मागे सरायला लावले, पण तोवर जे पाहायचे ते पाहून झाले होते. जवळून पाहिले तर तिथे पाणी नाहीच. निळे, जांभळे, हिरवे आणि मधूनच फिकट गुलाबी असे बोटाच्या पेराएवढे आडवे फटकारे एकावर एक चढलेले आहेत आणि खालचा रंग वरच्या रंगातून डोकावतो. खांबांच्या खाली मात्र कुंचल्याने दिशा बदलली आहे. तिथले फटकारे मधे मधे तुटत उभे खाली येतात. चार पावले मागे गेले की तेच तुटके फटकारे हलत्या पाण्यातले खांबाचे प्रतिबिंब होतात. काळा रंग डोळ्यांना कुठेच सापडत नाही.

“इतके सगळे पाण्यात खरेच दिसते का, की हे मोनेने पदरचे घातले आहे?” मी ताईला विचारले.

“मला काय विचारतेस? मी दहा वर्षे नुसती याच्यासमोर बसते आहे. तू जाऊन बघ की,” ती म्हणाली आणि घरी आल्यावर तिनेच तिकीट बदलून दिले.

त्याच दुपारी इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयही पाहिले आणि तेथे एक धागा हाती लागला. मोनेने हे चित्र व्हेनिसच्या पलाझ्झो बार्बारो या वाड्याच्या पाण्याकडील पायऱ्यांवरून रंगवले. तो वाडा 1885 मध्ये बॉस्टनच्याच कर्टिस कुटुंबाने विकत घेतला होता आणि श्रीमती गार्डनर तो पुढे अनेकदा भाड्याने घेऊन तेथे राहत असत. वाड्याने त्यांना इतके झपाटले की 1903 मध्ये खुल्या झालेल्या आपल्या संग्रहालयात त्यांनी व्हेनिसच्या वाड्यांचे दर्शनी भाग आतल्या चौकाकडे तोंड करून उभे केले. गुलाबी भिंती, कमानदार खिडक्या, सज्जे असे सगळे तिथे आहे. मात्र ज्या पाण्यावर हे दर्शनी भाग मूळचे उलटे पडतात, त्या पाण्याच्या जागी बाग आहे. खिडक्या सुंदर असूनही थोड्या पोरक्या वाटल्या.

पहिला दिवस

मार्को पोलो विमानतळावरून बोटीने शहरात आले तेव्हा ऑक्टोबरमधली दुपार कलली होती. ‘कालव्याचे दृश्य’ असे छापून जादा पैसे घेतलेल्या खोलीतून समोरच्या घराची वाळत घातलेली चादर आणि चादरीखाली हातभर रुंदीचे पाणी दिसत होते. तक्रार करण्यात वेळ घालवण्यापेक्षा पिशवी टाकून मी सरळ अकादेमियाच्या लाकडी पुलावर गेले, कारण सालूतेचे घुमट आणि ग्रँड कॅनाल यांचे छापील कॅलेंडरांवरचे दृश्य तिथूनच दिसते. लाकडी पूल येथे प्रथम 1933 मध्ये आला. मोनेच्या वेळी त्या जागी लोखंडी पूल होता.

दृश्य अर्थातच देखणे होते, पण जे पाहायला आले होते ते मात्र तिथे नव्हते. पुलाखालचे पाणी नुसते हिरवे होते, शेवाळी झाक असलेले, वाटाण्याच्या सारासारखे. घुमटांचे प्रतिबिंब फार लांबवर, एका पट्ट्यापुरते, तेही बोटी गेल्या की मोडणारे. क्षणभर वाटले की मोनेने खरोखरच पदरचे घातले आहे.

रात्री वहीत टिपणे काढताना कारण लक्षात आले, आणि ते शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातलेच होते. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर त्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो. बाकीचा आत शिरतो आणि आपल्याला दिसतो तो पाण्याचा आणि त्यातल्या गाळा-शेवाळाचा रंग. नजर जसजशी तिरकस होते तसतसे परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण वाढते, आणि पाण्याला जवळजवळ समांतर पाहिले तर निम्म्याहून जास्त प्रकाश परत येतो. पुलावरून मी पाण्यात पाहत होते, तर मोने पाण्यावरून पाहत होता. वाईच्या घाटावर लहानपण गेलेल्या बाईला हे आधीच सुचायला हवे होते. देवळाचा कळस कृष्णेत पाहायचा तर आम्ही शेवटच्या पायरीवर उकिडवे बसत असू, पुलावर जात नसू.

दुसरा दिवस

मोने पत्नी अ‍ॅलिससह 1 ऑक्टोबर 1908 रोजी येथे उतरला, तेव्हा तो अडुसष्टीच्या उंबरठ्यावर होता. मेरी हंटर या इंग्रज बाईंचा पाहुणा म्हणून पहिले दोन आठवडे तो बार्बारो वाड्यात राहिला आणि नंतर हॉटेल ब्रिटानियात गेला. सुरुवातीला त्याने कुंचल्याला हातच लावला नाही. हे शहर रंगवता येण्याच्या पलीकडे सुंदर आहे, असे तो म्हणत राहिल्याचे अ‍ॅलिसच्या पत्रांतून कळते. एकदा सुरू झाल्यावर मात्र त्याने दिवस सरकारी कचेरीसारखा वाटून घेतला. सकाळी आठला सान जोर्जो बेटावर, दहाच्या सुमारास अलीकडे सान मार्को या मुख्य चौकाच्या बाजूला, जेवणानंतर बार्बारोच्या पायऱ्यांवर आणि उन्हे उतरताना गोंडोल्यात. दर ठिकाणी त्या त्या वेळेचाच कॅनव्हास उघडायचा आणि उजेड सरकला की बंद करायचा. डिसेंबरच्या सातव्या तारखेला तो निघाला तेव्हा अशी 37 चित्रे सुरू झालेली होती.

मी तेच वेळापत्रक पाळायचे ठरवले. आठ वाजता सान जोर्जो बेटावर, पल्लादिओने आराखडा केलेल्या चर्चसमोरच्या फरशीवर उभी होते. समोर पाण्यापलीकडे दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासकांचा, राजवाडा सकाळच्या उन्हात फिकट गुलाबी दिसत होता आणि त्याच्या शेजारी सान मार्कोचा उंच मनोरा होता. हा मनोरा 14 जुलै 1902 रोजी कोसळला आणि पुन्हा उभा राहून 1912 मध्ये खुला झाला, म्हणजे मोनेला तो पुरा उभा असा दिसलाच नाही. आजच्या प्रत्येक पर्यटकाच्या छायाचित्रात व्हेनिसची खूण म्हणून जी वस्तू असते, तिचे काम तेव्हा अर्धवट चालू होते.

दहा वाजता पुन्हा अलीकडच्या काठावर येऊन मी सान जोर्जोकडे तोंड करून बसले, पण गर्दीने बसू दिले नाही. खाडीसारखे उघडे पाणी, त्यावर वाऱ्याची सतत खरखर आणि मोठ्या बोटींची ये-जा यांमुळे तिथे प्रतिबिंबापेक्षा चकाकीच अधिक होती. तिथे फार रमले नाही. दुपारी एक नंबरच्या वापोरेत्तोने, म्हणजे इथल्या पाण्यावरच्या बसने, ग्रँड कॅनालची एक पूर्ण फेरी मारली. साडेनऊ युरोचे तिकीट पंचाहत्तर मिनिटे चालते आणि सुमारे पावणेचार किलोमीटरचा हा उलट्या ‘एस’सारखा कालवा तेवढ्यात आरामात पाहून होतो. वाफेवर चालणाऱ्या बोटी येथे 1881 पासूनच होत्या, त्यामुळे मोनेच्या वेळी नुसते गोंडोले संथ तरंगत असत असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या चित्रांत बोटींचा धूर कुठे दिसत नाही एवढे खरे. दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार दिसेल तेच रंगवतो असे आपण म्हणतो, पण काय दिसू द्यायचे हे तोही ठरवतोच.

तिसरा दिवस

आजचा दिवस पायरीसाठी राखून ठेवला होता.

पलाझ्झो बार्बारो अकादेमियाच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण ती खाजगी मालमत्ता असल्यामुळे दारावरची बेल वाजवून “मला तुमच्या पायरीवर अर्धा तास बसू द्या” असे म्हणण्याची सोय नाही. मग मी समोरच्या काठावर सान व्हिओच्या छोट्या चौकात गेले, जिथून तो वाडा तिरका दिसतो. गॉथिक कमानींच्या खिडक्या, त्यांखाली पाण्याकडचे दार आणि दाराशी पायऱ्या. वरच्या पायऱ्या दगडी पांढऱ्या, मधल्या हिरव्या आणि खालच्या शेवाळाने काळ्या पडून पाण्यात गेलेल्या. व्हेनिसमध्ये भरती-ओहोटीची मोजणी ज्या 1897 सालच्या शून्य पातळीपासून होते, तिच्यापेक्षा आज सरासरी पाणी सुमारे 30 सेंटीमीटर वर आहे. जमीन खचली आणि समुद्र चढला. तेव्हा मोनेने ज्या पायरीवर घडीचे स्टूल ठेवले असेल, ती आज बहुतेक वेळ पाण्याखाली असणे अगदी शक्य आहे.

याच काठावर चौकाला लागून बार्बारिगो आणि त्यापुढे दा मूला हे वाडे आहेत. दा मूलाचे मोनेने केलेले चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्यात आकाशच नाही. निळ्या-जांभळ्या भिंतीचा एक तुकडा, खिडक्यांच्या ओळी, तळाशी काळपट गोंडोले आणि पाणी. इतका जांभळा रंग त्याला कुठे सापडला, याचे कोडे मला बॉस्टनपासून पडले होते. येथे उभे राहिल्यावर उत्तर मिळाले. या काठावरचे वाडे उत्तरेकडे तोंड करून आहेत. शरद ऋतूत सूर्य दक्षिणेकडे खाली झुकलेला असतो, त्यामुळे त्यांच्या दर्शनी भागावर दिवसभर ऊन पडत नाही आणि त्या भिंतींना जो उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा आणि खालून उसळणाऱ्या पाण्याचा. दुपारी मी डोळे बारीक करून पाहिले, तर विटांचा तांबूस रंग आणि आकाशाचा निळा यांच्या मिश्रणातून तंतोतंत तो जांभळा तयार होत होता. घुमटांकडे मात्र त्याच वेळी पश्चिमेचे ऊन थेट जाते, म्हणून चित्रात ते गुलाबी-पिवळसर आहेत. बार्बारोच्या पायऱ्यांसाठी जेवणानंतरची वेळ त्याने का ठरवली असेल, तेही कळले.

पायरीऐवजी मला बसायला जागा मिळाली ती पुढच्या वळणानंतर, सान्ता मारिया देल जिलियोच्या त्रागेत्तोच्या धक्क्यावर. त्रागेत्तो म्हणजे आपल्याकडे नदी ओलांडायला असते तशी तर. ग्रँड कॅनालवर पूल चारच आहेत, तेव्हा अधल्यामधल्या लोकांना दोन वल्हेकरी साध्या गोंडोल्यातून पलीकडे सोडतात. स्थानिक माणसे त्यात उभ्यानेच जातात आणि पर्यटक बसायला जागा शोधतात. धक्क्याच्या कडेला, रहदारीच्या आड येणार नाही अशा फळीवर मी पाय आखडून बसले. डोळ्यांपासून पाणी हात-दीड हातावर आले आणि पाण्याचा हिरवा रंग जणू कोणी पुसून घेतला.

समोर पलाझ्झो दारिओ होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जोव्हान्नी दारिओ या मुत्सद्द्याने बांधलेला, एका अंगाला कललेला अरुंद वाडा, ज्याच्या दर्शनी भागावर रंगीत संगमरवराच्या गोल चकत्या बसवलेल्या आहेत. मोनेने तोही रंगवला आहे. पाण्यात त्या चकत्या गोल राहिल्या नव्हत्या. प्रत्येकीची लांबट उभी रेघ झाली होती आणि रेघ मधे मधे तुटत होती. पाण्यावरची प्रत्येक बारीक लाट हा वेगवेगळ्या कोनात कललेला छोटा आरसा असतो. त्यांतले जे आरसे चकतीचा उजेड आपल्या डोळ्यांकडे वळवतात ते सगळे आपल्या दिशेने एकाखाली एक येतात, म्हणून प्रतिबिंब आडवे फारसे पसरत नाही, उभे मात्र ताणले जाते. बॉस्टनच्या चित्रात खांबांखाली कुंचल्याने दिशा का बदलली होती, ते इथे फळीवर बसून समजले.

दुसरी गोष्ट खांबांची. या खांबांना येथे पालिना म्हणतात आणि वाड्यांसमोरचे पालिना पूर्वी घराण्याच्या रंगांच्या पट्ट्यांनी रंगवलेले असत. धक्क्याशी असलेले खांब मात्र साधे, काळपट, ओल्या लाकडाचे होते. हवेत असलेला त्यांचा भाग जवळजवळ काळा दिसत होता, पण पाण्यातला भाग काळा नव्हता. गडद वस्तूचा परतणारा उजेडच तोकडा असल्यामुळे तिच्या प्रतिबिंबात पाण्याच्या पोटातला हिरवा रंग वर येतो आणि ते मूळ वस्तूपेक्षा उजळ दिसते. सालूतेच्या पांढऱ्या दगडाचे याच्या उलट होते. त्याचा काही उजेड पाण्यात जिरतो आणि प्रतिबिंब एक पायरी गडद, किंचित मळकट होते. म्हणजे पाण्यात गडद आणि उजळ दोघे आपापली टोके सोडून एकमेकांच्या जवळ सरकतात. जलरंगात मी आयुष्यभर प्रतिबिंब म्हणून वरचेच चित्र उलटे करून खाली काढत आले, आणि ते पाण्यासारखे का दिसत नाही म्हणून कागदाला दोष देत आले.

मी घाईने वही काढली. खांब टाकले, घुमटांना पातळ फिकट रंगाचा हात दिला आणि पाण्यातले पहिले उभे फटकारे ओले असतानाच एक वॉटर टॅक्सी इतक्या वेगाने समोरून गेली की तिची लाट धक्क्याच्या फळ्यांमधून वर उसळली. माझा डावा बूट, रंगांची डबी आणि वहीचा खालचा अर्धा भाग चिंब झाला. इंजिनांच्या लाटांना व्हेनिसकर ‘मोतो ओंदोझो’ म्हणतात आणि त्यांचा त्यावर फार राग आहे. या लाटा वाड्यांच्या पायथ्याचे दगड आणि चुना रोज थोडा थोडा पोखरतात. माझे एक पान गेले, त्यांची घरे जात आहेत. तरी तेव्हा मला माझ्या पानाचेच वाईट वाटले. त्रागेत्तोच्या वल्हेकऱ्याने शांतपणे एक फडके पुढे केले आणि पलीकडे नेऊन सोडताना दोन युरो मात्र मोजून घेतले.

पलीकडे सालूतेच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. 1630 च्या प्लेगमधून शहर वाचावे म्हणून बोललेल्या नवसाचे हे चर्च, बाल्दास्सारे लोंगेना या तरुण वास्तुकाराने आखलेले, 1687 मध्ये पुरे होऊन मंगलविधी झालेले. पाण्याशी असलेल्या पायऱ्यांवर बूट वाळत घालून मी दिवे लागेपर्यंत बसले. बार्बारो येथून वळणाआड जातो. ज्या घुमटांकडे मोने दोन महिने पाहत होता, त्यांच्या पायथ्याशी बसून मला काही त्याची पायरी दिसली नाही.

चौथा दिवस

सकाळपासून पाऊस. पावसात प्रतिबिंब नसते. प्रत्येक थेंब पाण्यावर आपले वर्तुळ काढून आरसा खरवडून टाकतो आणि कालवा करड्या कांबळ्यासारखा दिसतो. खोलीतच बसून वाचन केले. मोने पुन्हा येण्याचे ठरवून गेला होता, पण येऊ शकला नाही. अ‍ॅलिसची प्रकृती ढासळली आणि मे 1911 मध्ये ती गेली. काठावरच्या त्या वेळापत्रकाची हकीकत आपल्याला मुख्यतः तिने मुलीला लिहिलेल्या पत्रांमुळे माहीत आहे. अर्धवट कॅनव्हास त्याने जिव्हेर्नीच्या घरी आठवणीतून पुरे केले आणि मे 1912 मध्ये पॅरिसच्या बर्नहाइम-जन दालनात 29 चित्रे मांडली.

हे वाचल्यावर बॉस्टनच्या चित्रातला एक भाग वेगळा आठवला. खांब आणि त्यांच्याखालचे पाणी जागेवर पाहून केलेल्यासारखे चोख आहे, तर घुमट धुक्यात विरलेले आहेत. त्यातले किती ऑक्टोबरच्या दमट हवेने विरवले आणि किती मधल्या चार वर्षांनी, हे कॅनव्हासला नाक लावूनही सांगता येणार नाही. मला स्वतःला घुमटांपेक्षा खांब अधिक आवडतात. ताईचे मत उलट आहे.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर पिशवी भरताना भिजलेली वही उघडली. वरचा अर्धा भाग, म्हणजे मी विचारपूर्वक काढलेले घुमट, आपल्या जागी पण अगदी सामान्य होते. खाली लाटेने सगळे फटकारे मोडून खाली ओढले होते, खांबांचा काळा फुटून हिरवट झाला होता आणि खारे पाणी वाळताना रंग ठिपक्याठिपक्यांनी मागे सरकून मधे कागदाचे पांढरे डाग उरले होते. पान मी ताईला फोनवर पाठवले. पाण्याचा भाग कसा जमला, असे तिने लगेच विचारले. मी टॅक्सीचे सांगितले. त्या पानावर बोट फिरवले की मिठाची बारीक खरखर लागते.